संघ एकत्र आला, म्हणून जिंकला?

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल. अमेरिकेतल्या एका खेळावरचा वाद आहे, आणि तोही प्रत्यक्ष खेळावरचा नाही, खेळ सुरू होण्याआधीच्या चार-पाच मिनिटांवरचा. सामन्याआधी खेळाडूंची ओळख कशी करून द्यायची? एकेकाचं नाव पुकारून, की सगळा संघ एकदम मैदानात आणून? यावर क्रीडालेखक काहीतरी ठाम लिहितात, चाहते त्यावर तुटून पडतात, आणि वीस-बावीस वर्षं झाली तरी वाद मिटत नाही. बोरीत हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. पण कबड्डीच्या स्पर्धेत ज्यांनी माईक हातात धरलाय, किंवा ओळीत उभं राहून पाहुण्यांशी हात मिळवलाय, त्यांच्यासाठी हा विषय घरचाच आहे. आम्ही आधी लेखकांचा दावा तपासणार, मग चाहत्यांचे आक्षेप, आणि त्यानंतर आपल्या मैदानावर येणार.

पहिल्यांदा घटना सांगू. इथं फुटबॉल म्हणजे आपण पायानं खेळतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड पट्ट्या आणि धडकाधडकी. त्या खेळाच्या राष्ट्रीय लीगचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात तो सामना झाला. एका बाजूला सेंट लुईस रॅम्स. त्यांच्या आक्रमणाचा दबदबा एवढा, की लोक त्यांना ‘ग्रेटेस्ट शो ऑन टर्फ’ म्हणायचे, मैदानावरचा सगळ्यात भारी खेळ. कर्ट वॉर्नर हा त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू त्यांच्याकडे. दुसऱ्या बाजूला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स. सट्टेवाल्यांच्या हिशोबानं हा संघ १४ गुणांनी मागं. म्हणजे हरणार हे धरूनच चाललेलं, किती गुणांनी हरणार एवढाच प्रश्न.

आता ओळखीची रीत बघा. त्या खेळात आक्रमणाची फळी वेगळी असते, बचावाची वेगळी. सुपर बोलची पद्धत अशी होती, की प्रत्येक संघानं यातली एक फळी निवडायची आणि तिचे ११ खेळाडू एकेक करून बोगद्यातून बाहेर यायचे. नाव पुकारलं जाणार, धूर, दिवे, टाळ्या, कॅमेरा त्याच्या तोंडावर. रॅम्सचे तारे तसेच आले. पॅट्रियट्सनी मात्र सांगितलं, की आम्ही एकेक येणार नाही, संघ म्हणून येणार. निवेदकानं तसंच पुकारलं आणि अख्खा संघ एका घोळक्यात मैदानात घुसला. सामना पॅट्रियट्सनी २०–१७ असा जिंकला. घड्याळ संपता संपता अ‍ॅडम व्हिनातिएरीनं ४८ यार्डांवरून चेंडू लाथाडून दोन खांबांच्या मधून काढला, त्यावर.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो यावर लिहिलं जातं तिथून. त्या घटनेबद्दलचं लेखन वाचलं तर त्यात तीन दावे एकमेकांत मिसळलेले सापडतात. एक, असं करणारा हा पहिला संघ. दोन, या कृतीतून त्यांची एकजूट दिसली. आणि तीन, सगळ्यात मोठा दावा, ही एकजूट होती म्हणून ते जिंकले. सामना बोगद्यातच जिंकला गेला होता. हे तीन दावे सुटे केले पाहिजेत. कारण चाहते भांडतात ते पहिल्यावर, लेखक उत्तर देतात दुसऱ्याच्या जोरावर, आणि वाचकाच्या गळी उतरतो तिसरा.

‘पहिला’ या शब्दापासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्याबद्दल एक म्हण आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. आजवर कुणी पुरावा मागितलाय? मागूही नये. कारण ती घोषणा आहे. छाती पुढं काढून स्वतःची ओळख करून देण्याची तऱ्हा आहे. घोषणेला पुरावा लागत नाही. पण लेखक जेव्हा ‘पहिला’ असं लिहितो, तेव्हा तो दावा होतो आणि दाव्याला पुरावा लागतो. बऱ्याच क्रीडालेखनाची खोड हीच, की घोषणेच्या आवाजात दावे करायचे.

चाहत्यांचा आक्षेप इथं रास्त आहे. सुपर बोलच्या ओळख-सोहळ्यात पॅट्रियट्सनी चालू रीत मोडली, एवढं खरं. पण ‘अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ एकत्र आला तो पहिल्यांदाच’ असं कुणी म्हणत असेल, तर ते टिकत नाही. तिथल्या कॉलेजांचे संघ पिढ्यानपिढ्या एकत्रच मैदानात येतात. मिशिगन विद्यापीठाचा संघ १९६२ पासून मैदानात शिरताना एका मोठ्या फलकाखालून जातो, आणि जाता जाता जो तो उडी मारून त्याला हात लावतो. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसनचा संघ एका टेकडीवरून धावत खाली येतो. ही रीत १९४२ साली त्यांचं स्टेडियम बांधलं तेव्हापासूनची, मधली काही वर्षं सोडली तर. तिची सुरुवात कशी झाली ते ऐका. खेळाडूंची कपडे बदलायची खोली टेकडीच्या वरच्या अंगाला होती. खाली यायचं तर उतरूनच यावं लागायचं. एकजूट वगैरे नंतर आली, आधी होती ती वाट. सवयीला अर्थ मागाहून चिकटतो, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात तर अकराच्या अकरा जण ओळीनं, एकत्रच बाहेर येतात. रग्बीत न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी हाका करतो, म्हणजे माओरी परंपरेतलं ललकारीचं नृत्य. तिथं निवेदक लागतच नाही. संघ आपली ओळख आपणच करून देतो, आणि तीही प्रेक्षकाला नव्हे, समोरच्या संघाला. तेव्हा ‘पहिला’ या शब्दाला चाहत्यांनी धरलं, ते बरं केलं.

आता तिसरा दावा घेऊ, दुसऱ्याकडे मागाहून वळू. एकत्र आले म्हणून जिंकले. हा तर्क बाभळीच्या काट्यासारखा आहे, दिसायला बारीक पण आत गेला की निघत नाही. याची परीक्षा सोपी आहे. त्याआधीच्या सुपर बोलमध्ये एकेक करून येण्याचीच रीत होती, आणि दर वर्षी कुणीतरी जिंकतच होतं. याच रॅम्सनी दोनच वर्षं आधी, ३० जानेवारी २००० ला, टेनेसी टायटन्सना २३–१६ असं हरवून सुपर बोल जिंकला होता. तेव्हा त्यांच्यात एकजूट नव्हती, असं कुणी लिहिलं का? आणि पुढचं बघा. पॅट्रियट्सच्या त्या विजयानंतर सुपर बोलमध्ये संघानं एकत्र येणं हेच रूढ झालं. दोन्ही संघ एकत्र येणार, तर त्यातला एक हरणारच! बरोबर सहा वर्षांनी, ३ फेब्रुवारी २००८ ला, हाच पॅट्रियट्स संघ सलग १८ सामने जिंकून सुपर बोलला उतरला आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून १७–१४ असा हरला. तारीख तीच, संघ तोच, प्रशिक्षक बिल बेलिचिक तोच. मग त्या दिवशी एकजूट कुठं गेली होती? निकाल लागल्यावर मागं वळून जी खूण सापडेल तिला कारण म्हणायचं, ही रीत ज्योतिषाची झाली. लेखकानं ती उचलू नये.

लेखकांची एक अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. २००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ला झालेला. त्यामुळं लीगचे सामने पुढं ढकलले गेले आणि सुपर बोलही आठवडाभर लांबला. देश हादरलेला. अशात अंतिम सामन्याला एक दुबळा समजला जाणारा संघ येतो. त्याचं नावच पॅट्रियट्स, म्हणजे देशभक्त. तो म्हणतो, आमची नावं सुटी घेऊ नका, आम्ही एक आहोत. आणि तो जिंकतो! लेखकाला गोष्ट जुळवायची गरजच पडली नाही, ती त्याच्या पुढ्यात तयार येऊन पडली. अशा वेळी ‘थांबा, यात कारण कुठलं आणि योगायोग कुठला’ असं विचारायला मोठं धाडस लागतं. सगळ्यांना हवी असलेली गोष्ट सांगताना टाळ्या मिळतात. ती तपासताना शिव्या मिळतात.

इथपर्यंत आम्ही चाहत्यांच्या बाजूनं बोललो. आता त्यांना दोन शब्द सुनावतो.

चाहत्यांनी ‘पहिला’ हा शब्द खोडला आणि त्यांना वाटलं, की काम झालं. पण शब्द खोडला म्हणजे घटनेचा अर्थ खोडला असं होत नाही. ज्या दुसऱ्या दाव्याकडे आपण नंतर वळू म्हटलं होतं, त्यात खरा माल आहे, आणि त्याकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष झालं. मुद्दा असा, की लीगनं संघापुढं एक निवड ठेवली होती, आक्रमणाचे ११ की बचावाचे ११. संघानं ती निवडच नाकारली. तुम्ही आखून दिलेल्या दोन खान्यांत आम्ही बसत नाही, असं सांगितलं.

आणि हे नुसतं बोलायला बरं म्हणून नाही. हिशोब घाला. त्या दिवशी आक्रमणाचे ११ पुकारले असते तर टॉम ब्रेडीचं नाव आलं असतं. पण ड्र्यू ब्लेडसोचं आलं नसतं. हा ब्लेडसो संघाचा जुना, नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. सप्टेंबरात मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात तो जबर जखमी झाला आणि त्याची जागा ब्रेडीला मिळाली. ब्रेडी तेव्हा कोण? खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतलेला पोरगा. पुढं उपांत्य सामन्यात ब्रेडीचा पाय दुखावला तेव्हा बाकावरचा ब्लेडसोच मैदानात आला आणि त्यानं संघाला पार नेलं. तो नसता तर सुपर बोलच नव्हता. पण अकरा जणांच्या यादीत तो बसला नसता.

आणखी पुढं चला. शेवटच्या क्षणी सामना कुणी जिंकवला? व्हिनातिएरीनं. तो कोण? किकर, लाथ मारायला म्हणून आत येणारा माणूस. आक्रमणाच्या अकरात तो नाही, बचावाच्या अकरात तो नाही. लीगच्या रीतीनं कुठलीही फळी निवडली असती, तरी ज्याच्या पायानं करंडक मिळाला त्याचं नाव ओळखीत आलंच नसतं! क्रीडालेखकांनी ‘एकजूट, एकजूट’ करत पानं भरण्याऐवजी ही एक ओळ लिहिली असती, तर दावा किती भक्कम झाला असता. एकत्र आल्यामुळं ते जिंकले हे सिद्ध करता येत नाही. पण ज्या यादीत जिंकवणारा माणूसच बसत नाही ती यादी खोटी आहे, हे मात्र त्या रात्री सिद्ध झालं.

म्हणजे आमच्या मते खरा प्रश्न ‘पहिल्यांदा कुणी केलं’ हा नव्हेच. ओळख कशी होणार हे ठरवतं कोण, आणि त्या ओळखीत कोण राहून जातं, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न हातात घेऊन जरा आपल्याकडच्या इतिहासाकडे वळू. कारण ‘संघ म्हणून आले की सगळे एक झाले’ ही जी समजूत आहे, तिला सगळ्यात जोरदार उत्तर महाराष्ट्रानंच दिलेलं आहे.

आधी एकेकाच्या नावाचं बघू. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. हौशी ते ‘जंटलमन’, आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर्स’. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. छापील धावफलकावर जंटलमनच्या आडनावाआधी आद्याक्षरं, प्लेअरची असलीच तर आडनावानंतर. लॉर्ड्सवर एकदा फ्रेड टिटमस या व्यावसायिक खेळाडूची आद्याक्षरं चुकून आडनावाआधी छापली गेली. तर ती चूक भोंग्यावरून जाहीर करून दुरुस्त केली, अशी नोंद आहे. १९६२ चा मोसम संपल्यावर हा भेद रद्द झाला. म्हणजे एकेकाचं नाव घेतलं की सगळ्यांना समान मान मिळतो, असंही नाही. नाव कसं घेता यातही पायरी दाखवता येते.

आता संघाचं बघा. मुंबईत चौरंगी आणि नंतर पंचरंगी क्रिकेट सामने व्हायचे. संघांची ओळख धर्मानं, म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि पुढं ‘इतर’. ‘हिंदू’ म्हणून अकरा जण एकत्र मैदानात उतरायचे. एकजुटीचं याहून मोठं चित्र कुठलं? त्या अकरांत पळवणकर बाळू होता. डावखुरा फिरकी गोलंदाज, चांभार समाजातला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. मैदानात त्यानं फेकलेला चेंडू सगळे झेलायचे. पण पुण्याच्या दिवसांत चहाच्या सुट्टीत त्याला चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. संघ एक, कप वेगळा. एवढ्या ताकदीचा खेळाडू, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं गेलं नाही. १९२० साली त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी याच अन्यायावर बोट ठेवून संघातून अंग काढून घेतलं होतं. १९२३ साली विठ्ठलकडे कर्णधारपद आलं. ते एकजुटीच्या घोषणेनं आलं नाही, भांडून आलं.

तेव्हा संघ म्हणून केलेली ओळख दोन कामं करू शकते. बाकावरच्या ब्लेडसोला, यादीबाहेरच्या व्हिनातिएरीला ती आत घेऊ शकते. आणि बाळूच्या वेगळ्या कपावर ती पांघरूणही घालू शकते. कुठलं काम करते आहे, हे आत जाऊन बघावं लागतं. लांबून, पत्रकार कक्षातून, दोन्ही घोळके सारखेच दिसतात. क्रीडालेखकांवरचा आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

याच पंचरंगी सामन्यांवर आपल्याकडे क्रीडालेखक विरुद्ध चाहते असा खराखुरा वाद झाला होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांनी धर्मावर संघ पाडायला विरोध केला. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनीही या पद्धतीवर नापसंती दाखवली. चाहते मात्र ब्रेबॉर्न स्टेडियम भरून टाकत राहिले. त्यांचं म्हणणं, आम्ही खेळ बघायला येतो, धर्म बघायला नाही. १९४६ मध्ये हे सामने बंद झाले. त्या वादात चाहते खोटं बोलत होते असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना खेळच बघायचा असेल. पण संघाचं नाव काय पुकारलं जातंय, याची जबाबदारी बघणाऱ्यावर अजिबात नसते, असंही म्हणता येणार नाही.

आता आपल्या मैदानावर या.

आपल्याकडे कबड्डीची स्पर्धा कशी सुरू होते? मैदान आखलेलं, फकी मारलेली, मंडप घातलेला. मोठा फलक, त्यावर नेत्यांचे फोटो. खेळाडूंचे फोटो त्यावर शोधून दाखवा! मग मान्यवरांचं आगमन, प्रतिमापूजन, नारळ, शाल, श्रीफळ, सत्कार. प्रत्येक पाहुण्याचं नाव, हुद्दा, माजी हुद्दा, भावी हुद्दा. या सगळ्यात तासभर गेला की निवेदक म्हणतो, आता प्रमुख पाहुणे खेळाडूंची ओळख करून घेतील. दोन्ही संघ ओळीत उभे. पाहुणे हात मिळवत पुढं जातात. दोन मिनिटांत ओळ संपते, फोटो निघतो, शिट्टी.

यात ओळख कुणाची कुणाला झाली? प्रेक्षकाला एकाही खेळाडूचं नाव कळलं नाही. खेळाडूंची ओळख पाहुण्यांना करून दिली, आणि पाहुण्यांची ओळख सगळ्या गावाला! अमेरिकेत एकेक की एकत्र, यावर भांडण आहे. आपल्याकडे तो प्रश्न अजून आलेलाच नाही. आपल्याकडे खेळाडूची ओळख म्हणजे पाहुण्याच्या सत्काराचा शेवटचा भाग. आपल्या व्याख्यानांचंही तसंच असतं म्हणा. वक्त्याचा परिचय होता होता निम्मे श्रोते घड्याळ बघायला लागतात.

कबड्डीत संघात १२ जण असतात, मैदानात ७. सामना सुरू झाला की माईकवर नाव येतं ते चढाई करणाऱ्याचं. ‘आला, आला, वाघ आला!’ कोपऱ्यात वाकून बसलेला, घोट्याला हात घालणारा, त्या पकडीत स्वतःचा खांदा सोलून घेणारा, त्याचं नाव क्वचित. बाकावरच्या पाच जणांचं तर घरच्यांशिवाय कुणी घेत नाही. मुलींचे सामने असले तर बऱ्याचदा आख्खा संघच बिननावाचा, ‘अमुक शाळेच्या मुली’. बघा, इथंही ‘संघ म्हणून’ ओळख झाली. पण ती त्यांनी निवडलेली नाही, त्यांच्यावर टाकलेली आहे. पॅट्रियट्सनी आपली नावं मागं ठेवली, तेव्हा ती घेतली जाणारच होती. ज्यांचं नाव कुणी घेणारच नव्हतं त्यांना ‘नावापेक्षा संघ मोठा’ असं शिकवणं ही थट्टा आहे.

दुसरीही बाजू आहे. खुल्या स्पर्धांत संघ गावाच्या नावानं उतरतो आणि त्यातले दोन-तीन खेळाडू बाहेरून, मानधनावर आणलेले असतात. सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुकारताना गावाचंच नाव. प्रो कबड्डीनं, २०१४ पासून, हे उघड केलं. तिथं लिलाव होतो, किंमत जाहीर होते, आणि मॅटवर येताना एकेकाचं नाव दिव्यांच्या झोतात घेतलं जातं. इराणचा फझल अत्राचली मुंबईच्या संघाचाही कर्णधार झाला आणि पुण्याच्याही. कुणाला हे बाजारू वाटतं. आम्हाला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. हा माणूस कोण, कुठला, हे लपवलेलं नाही.

आणि कुस्तीला तर आपल्याकडे फार जुनी, फार चांगली रीत आहे. पैलवान आखाड्यात आला की त्याचं नाव पुकारतात, गाव पुकारतात, तालीम पुकारतात, वस्तादाचं नाव पुकारतात. खेळ एकट्याचा, पण ओळख एकट्याची नाही. नाव त्याचं आणि त्यामागं उभे असलेले सगळे. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव आले, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाड्यांच्या मिरवणुकीनं त्यांना नेलं. एक माणूस आणि त्याचं अख्खं गाव, एकाच ओळखीत. एकेक की एकत्र, या अमेरिकी भांडणाला हे आपलं उत्तर आहे. पण त्यातही कोण राहून जातं बघा. ज्याच्या हलगीवर फडाला चढ येतो, त्या हलगीवाल्याचं नाव कुठल्या मैदानात पुकारलं जातं? त्याचं वाद्य ऐकू येतं, नाव ऐकू येत नाही.

म्हणून क्रीडालेखकांना, आणि आता तालुक्याच्या वर्तमानपत्रांत, फोनवर सामन्यांबद्दल लिहिणारी इथली जी पोरं-पोरी आहेत त्यांनाही, आमचं एवढंच सांगणं. संघ एकत्र आला असं लिहाल, तर ते कुणी ठरवलं ते विचारून लिहा. ‘पहिल्यांदाच’ असं लिहाल, तर गावातल्या दोन म्हाताऱ्या खेळाडूंना विचारून लिहा. आणि जिंकलेल्यांची एकजूट लिहाल, तर हरलेल्यांच्यातही ती होती का, हे बघून लिहा. चाहत्यांना सांगणं, की चूक जरूर काढा, पण चूक काढून थांबू नका. ‘पहिला कोण’ हे सापडलं तरी ‘राहिला कोण’ हे शोधायचं बाकी असतं.

आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक काम. त्याला खर्च नाही, मंजुरी लागत नाही. पुढच्या स्पर्धेत सत्काराच्या आधी दोन्ही संघांच्या बाराच्या बारा जणांची नावं माईकवर वाचा, गावासकट. बाहेरून आणलेला खेळाडू असेल तर त्याच्या गावासकट. मुलींची आधी वाचा. एकेक यायचं की घोळक्यानं, हे संघाला ठरवू द्या. पाच मिनिटं लागतील. पाहुणे थांबतील. नाही थांबले तरी सामना होतो.

आमचं बोलून झालं. आता तुमच्यातल्या खेळाडूंनी बोलावं. प्रश्न विचारण्याआधी आपलं नाव आणि गाव मात्र सांगा.